पेलोपोनीजची पहिली सहल : तीन मुक्कामांत कशी बसवावी

नकाशावर स्पार्टा आणि कालामाता ही दोन शहरे एकमेकांपासून जेमतेम साठ किलोमीटरवर दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये ताइगेटोस ही डोंगररांग आडवी उभी आहे. तिचे सर्वांत उंच शिखर २,४०० मीटरच्या वर जाते, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा साडेसातशे मीटर उंच. लांगादाच्या खिंडीतून जाणारा रस्ता इतकी वळणे घेतो की एवढ्याशा अंतराला सहज दीड तास लागतो. दक्षिण ग्रीसमधल्या या द्वीपकल्पाची सहल आखताना नवख्या प्रवाशाची पहिली चूक इथेच होते. सह्याद्रीचे घाट ओलांडून कोकणात उतरणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पण परदेशात गेले की रस्ते सरळ आणि वेगवान असणारच, असे आपण उगीचच गृहीत धरतो. तेव्हा इथले अंतर तासांत मोजावे, रोज नवे गाव गाठण्याचा हट्ट सोडावा आणि दहा दिवसांत तीनच मुक्काम करावेत. पुढचा सगळा आराखडा या एका गोष्टीवर उभा आहे.

पेलोपोनीजचे क्षेत्रफळ सुमारे २१,५०० चौरस किलोमीटर आहे. ईशान्येला कॉरिंथच्या अरुंद संयोगभूमीने हा प्रदेश उर्वरित ग्रीसला जोडलेला होता; १८९३ मध्ये तीच भूमी कापून काढलेला कालवा खुला झाला. उत्तरेला रिओ आणि अंतिरिओ यांना जोडणारा समुद्रपूल २००४ पासून आहे. अथेन्सहून येणारा प्रवासी मात्र कालव्यावरूनच आत शिरतो. इथे होमरच्या काव्यातल्या राजांचे वाडे आहेत, स्पार्टा आणि ऑलिंपिया आहेत, बायझंटाईन, म्हणजे मध्ययुगीन पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली, चर्च आहेत, फ्रँक (पश्चिम युरोपातून आलेले सरदार) आणि व्हेनिशियन यांचे किल्ले आहेत, तुर्की अमलाच्या खुणा आहेत आणि १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या जागाही आहेत. बहुतेक ठिकाणी हे सारे एकाच टेकडीवर एकमेकांच्या डोक्यावर रचलेले आढळते.

केव्हा जावे

एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य, हे दोन काळ उत्तम. वसंतात डोंगरउतारांवर रानफुले असतात, पण समुद्राचे पाणी गार लागते. सप्टेंबरात गवत वाळलेले असते, पण समुद्र उबदार असतो. पोहणे महत्त्वाचे असेल तर सप्टेंबर, चढणे आणि अवशेष पाहणे महत्त्वाचे असेल तर मे, असा सरळ निर्णय करावा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकू शकतो, उष्णतेची लाट आली तर प्राचीन स्थळे दुपारी काही तास बंद ठेवली जातात आणि वणव्यांचा धोका असतो. २००७ च्या भीषण वणव्यांनी याच प्रदेशात मोठी मनुष्यहानी केली आणि ज्वाळा प्राचीन ऑलिंपियाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. संकटाच्या वेळी ११२ या क्रमांकाच्या यंत्रणेकडून मोबाइलवर इशारा येतो. तो आला की विचार करत न बसता सांगितलेल्या दिशेने निघावे.

हिवाळ्यात गर्दी नसते, परंतु स्थळे दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होतात. १ जानेवारी, २५ मार्च, ऑर्थोडॉक्स ईस्टरचा रविवार, १ मे आणि २५-२६ डिसेंबर या दिवशी सरकारी स्थळे व संग्रहालये बंद असतात. ऑर्थोडॉक्स ईस्टरची तारीख बहुतेक वर्षी आपल्या दिनदर्शिकेतल्या ईस्टरहून वेगळी येते, म्हणून ती स्वतंत्रपणे पाहून घ्यावी. १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा मोठा सण असतो. त्याच्या मागेपुढे ग्रीक कुटुंबे आपापल्या गावी जातात आणि खोल्या मिळणे अवघड होते.

कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, त्यामुळे तीन महिने आधी हालचाल सुरू करणे शहाणपणाचे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. तीनच मुक्काम असले की आरक्षणांची कागदपत्रेही सुटसुटीत राहतात.

गाडी चालवणार असाल तर निघण्यापूर्वी आपल्या आर.टी.ओ.कडून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून घ्यावा. तो वर्षभर चालतो आणि मूळ परवान्यासोबतच बाळगायचा असतो. गाडी भाड्याने देणारे अनामत रक्कम बहुधा चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. कार्ड पत्नीचे आणि परवाना पतीचा, अशा वेळी खिडकीपाशी अडचण होते. ग्रीसमध्ये गिअर हाताने बदलण्याच्या गाड्याच अधिक मिळतात. स्वयंचलित गाडी हवी असेल तर ती आधीच राखून ठेवावी.

गाडी की बस

बसने हा प्रदेश पाहता येतो, पण अर्धाच. के.टी.ई.एल. या जिल्हावार बससेवांच्या गाड्या अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून सुटतात आणि नाफ्प्लियो, स्पार्टा, कालामाता या शहरांपर्यंत उत्तम सोडतात. खरी अडचण शहरापुढच्या शेवटच्या टप्प्यात येते. उदाहरणार्थ, होमरच्या काव्यातल्या राजधानीचे अवशेष असलेल्या मायसीनीला जाणाऱ्या प्रवाशाला बस अनेकदा फिख्ती या फाट्यावर उतरवते आणि तिथून अवशेष तीन-साडेतीन किलोमीटर दूर राहतात. दक्षिणेकडच्या मानी या भागाच्या टोकाची गावे आणि नैर्ऋत्येच्या पिलॉसजवळचे किनारे बसवाल्याला फार कष्टाने पाहावे लागतात. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांनी नाफ्प्लियो आणि स्पार्टा असे दोनच मुक्काम ठेवावेत आणि आसपासच्या स्थळांसाठी टॅक्सी ठरवावी.

वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट गाडी घेऊन निघण्यापेक्षा एक रात्र झोप काढून सकाळी गाडी ताब्यात घेणे बरे. अथेन्स ते कॉरिंथ हा महामार्ग सोपा आहे, पण अपुऱ्या झोपेत उलट्या बाजूने गाडी हाकणे सोपे नाही. टोलसाठी सुटे युरो हाताशी ठेवावेत. डोंगरी रस्त्यांवर आंधळ्या वळणांपलीकडे शेळ्यांचा कळप उभा असणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि अंधार पडल्यावर हे रस्ते चालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाट्यांवरची नावे आपण पुस्तकांत वाचलेल्या नावांसारखी नसतात. मायसीनीचे स्थानिक नाव मिकिनेस, एपिडॉरसचे एपिदावरोस. त्यातही एपिदावरोस नावाची एकाहून अधिक गावे आहेत. आम्ही पहिल्या खेपेस मोबाइलच्या नकाशावर नुसते नाव घातले आणि समुद्रकाठच्या पालिया एपिदावरोसला जाऊन पोहोचलो. तिथेही एक छोटे प्राचीन नाट्यगृह आहे, त्यामुळे चूक लक्षात यायला आणखी अर्धा तास गेला. ज्या भव्य रंगमंडलासाठी जग येते ते आत, लिगुरिओ गावाजवळ आहे. नकाशावर आस्क्लेपिओस या आरोग्यदेवाचे देवस्थान शोधावे.

पहिला मुक्काम : नाफ्प्लियो, तीन रात्री

अथेन्सहून साधारण दोन तासांवर, खाडीच्या काठी वसलेले हे शहर १८२९ ते १८३४ या काळात आधुनिक ग्रीसची राजधानी होते. देशाचे पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांची १८३१ मध्ये सेंट स्पिरिडॉन चर्चच्या दारात हत्या झाली. गोळीची म्हणून दाखवली जाणारी खूण भिंतीवर काचेखाली जपलेली आहे. जुन्या शहराच्या गल्ल्या अरुंद आणि पायऱ्यांच्या आहेत, म्हणून गाडी बंदरालगतच्या मोकळ्या जागेत ठेवून सामान हाताने न्यावे आणि खोली घेताना पायऱ्या किती आहेत हे आधी विचारावे. सोबत वृद्ध आईवडील असतील तर हा प्रश्न भाड्याहूनही महत्त्वाचा ठरतो.

शहराच्या डोक्यावर २१६ मीटर उंचीवर पालामिदी हा किल्ला आहे. व्हेनिशियनांनी तो १७११ ते १७१४ एवढ्या अल्प काळात बांधला आणि १७१५ मध्ये तुर्कांनी तो जिंकूनही घेतला. गावातून वर जाणाऱ्या पायऱ्या ९९९ आहेत असे सांगतात. मोजणी त्याहून कमी भरते, पण गुडघ्यांना तो फरक जाणवत नाही. सकाळी दार उघडण्याच्या सुमारास चढावे, कारण उन्हात त्या वाटेवर सावली नाही. मागच्या बाजूने गाडीरस्ताही वरपर्यंत जातो. गडकिल्ले पायी हिंडलेल्या मराठी माणसाला इथे पाहण्यासारखे खूप आहे : एकेक बुरूज स्वतंत्र किल्ल्यासारखा बंद करता येईल अशी रचना, पाण्याची टाकी, आणि खाली बंदरात बुर्झी हा चिमुकला जलदुर्ग.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायसीनी. सिंहद्वार इ. स. पू. १२५० च्या सुमाराचे आहे. तटाचे दगड एवढे प्रचंड आहेत की नंतरच्या ग्रीकांना ते माणसांचे काम वाटेना आणि त्यांनी त्याचे श्रेय सायक्लोप या एकाक्ष राक्षसांना दिले. आपल्याकडे डोंगरात कोरलेली लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली असे सांगतात, तीच ही मानवी रीत. दाराच्या आत उजव्या हाताला वर्तुळाकार दफनभूमी आहे. तिथे १८७६ मध्ये जर्मन उत्खननकार हाइनरिश श्लीमान यांना सोन्याचे मुखवटे सापडले. ते अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, म्हणून ते संग्रहालय शक्यतो आधी पाहून यावे. बाहेर पडल्यावर तिकीट फेकू नये. अर्धा किलोमीटर खाली रस्त्याच्या कडेला ॲट्रियसचा खजिना म्हणून ओळखली जाणारी घुमटाकार कबर आहे आणि तिथे तेच तिकीट दाखवावे लागते. बहुतेक गट ती घाईत उरकतात. माझ्या दृष्टीने सगळ्या मायसीनीत तीच सर्वश्रेष्ठ आहे. दारावरच्या आतल्या तुळईचा दगड सुमारे १२० टनांचा आहे, घुमट १३ मीटरहून उंच आहे आणि आत उभे राहून हलकेच बोलले तरी आवाज भिंतीभोवती फिरून परत येतो.

एपिडॉरसला तिसरा दिवस द्यावा. नाट्यगृह इ. स. पू. चौथ्या शतकातले, ५५ रांगांचे, बारा हजारांहून अधिक प्रेक्षकांचे. सगळ्यात वरच्या रांगेत बसून खाली कोणी नाणे टाकतो त्याचा आवाज ऐकण्याचा खेळ सगळेच खेळतात आणि तो जरूर खेळावा. पण हे नाट्यगृह एका आरोग्यधामाचा भाग होते, हे समजल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. रोगी इथे दूरवरून येत, विधी करून एका लांब दालनात झोपत आणि आस्क्लेपिओस देव स्वप्नात येऊन उपाय सांगतो अशी त्यांची श्रद्धा असे. छोट्या संग्रहालयातल्या शिलालेखांत बरे झालेल्यांच्या हकिकती कोरलेल्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी रात्री इथे नाटके होतात. भाषा कळली नाही तरी जावे. तिकीट आधी काढावे आणि दगडावर बसायला जाड काही तरी सोबत न्यावे.

दुसरा मुक्काम : मिस्त्रासवरून मानीकडे, तीन रात्री

नाफ्प्लियोहून त्रिपोली आणि स्पार्टामार्गे गिथिओ बंदर अडीच तासांवर आहे, पण त्या दिवशी मध्ये मिस्त्रासला चार तास ठेवावेत. प्राचीन स्पार्टात फारसे काही उरलेले नाही. स्पार्टाच्या लोकांनी भव्य इमारतींत कधी रस घेतला नाही, त्यामुळे तिथे थोडा वेळ पुरतो. मिस्त्रास मात्र एका डोंगरउतारावर पसरलेले आख्खे ओसाड शहर आहे. १२४९ मध्ये फ्रँक सरदार विल्यम व्हिलार्दुआँ याने शिखरावर किल्ला बांधला, पुढे तो बायझंटाईनांकडे गेला आणि खाली राजवाडे, मठ, चर्च उभे राहिले. शेवटचा बायझंटाईन सम्राट अकरावा कॉन्स्टंटाईन याने १४४९ मध्ये याच ठिकाणी सम्राटपद स्वीकारले. चार वर्षांनी साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल पडली आणि १४६० मध्ये मिस्त्रासही तुर्कांच्या हाती गेले.

याला वरचे आणि खालचे अशी दोन प्रवेशद्वारे आहेत. वरच्या दारापर्यंत गाडीने जाऊन आधी बालेकिल्ला पाहावा आणि मग उतरत यावे. दोन चालक असतील तर एकाने गाडी खालच्या दारी आणावी. उतरताना पांतानासा मठात थांबावे. तिथे आजही जोगिणी राहतात, म्हणून खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पेरिब्लेप्टोस चर्चमधली चौदाव्या शतकातली भित्तिचित्रे अंधारात आहेत; डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे, मग रंग दिसू लागतात.

मुक्काम गिथिओ किंवा आरेओपोली यांपैकी एका ठिकाणी करावा. समुद्र आणि गजबज हवी असेल तर गिथिओ, दगडी घरांची शांत वस्ती हवी असेल तर आरेओपोली. इथून दक्षिणेकडे मानी हा उघडाबोडका, खडकाळ प्रदेश सुरू होतो. घराण्याघराण्यांतली वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि प्रत्येक घराणे आपला उंच दगडी मनोरा बांधून त्यातून शेजाऱ्यावर नेम धरी. वाथिया गावात असे मनोरे दाटीने उभे आहेत. दिरोसच्या गुहांत होडीतून फिरवतात. हंगामात सकाळी लवकर पोहोचावे. एक पूर्ण दिवस टेनारोच्या भूशिरासाठी राखावा. मुख्य भूमीवरच्या ग्रीसचे हे दक्षिण टोक. प्राचीन लोक इथल्या गुहेला पाताळाचे दार मानत. गाडीरस्ता संपतो तिथून दीपगृहापर्यंत पाऊण तासाची पायवाट आहे आणि वाटेतच उघड्यावर एका रोमन घराचे मोझेक पडलेले दिसते. टोपी, दोन लिटर पाणी आणि घोटे झाकणारे बूट घ्यावेत; दगडांत साप असू शकतात.

किनाऱ्यांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यांसारखी सपाट वाळू मानीत क्वचित मिळते. बहुतेक किनारे गोट्यांचे आहेत, चार पावलांत पाणी खोल होते आणि खडकांवर काटेरी समुद्री साळिंदरे असतात, म्हणून रबरी बूट घालून उतरावे आणि पोहता न येणाऱ्यांनी कमरेच्या पुढे जाऊ नये. गिथिओजवळचा मावरोवूनी हा लांब, वाळूचा किनारा सोयीचा आहे. तिथे समुद्री कासवे अंडी घालतात. वेळास, आंजर्ल्याचे काम ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको : जाळी लावलेल्या जागेपासून दूर राहावे आणि रात्री विजेरी पेटवू नये.

तिसरा मुक्काम : पिलॉस, तीन रात्री

आरेओपोलीहून कार्दामिली, कालामातामार्गे पिलॉसला यावे. डावीकडे समुद्र आणि उजवीकडे ताइगेटोस असा हा रस्ता साडेतीन तासांचा आहे. कार्दामिलीत जेवायला थांबले की दिवस भरतो.

पिलॉसच्या उपसागराचे नाव नवारिनो. २० ऑक्टोबर १८२७ रोजी ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी इथे तुर्की-इजिप्शियन आरमार बुडवले आणि ग्रीक स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. जवळच वोइदोकिलिया हा जवळजवळ पूर्ण वर्तुळाचा वाळूचा किनारा आहे. तो संरक्षित असल्याने तिथे खुर्च्या, छत्र्या, उपाहारगृह काही नाही. पाणी आणि सावलीची सोय स्वतः करावी आणि कचरा परत आणावा. किनाऱ्यावरून नेस्टरच्या (होमरच्या काव्यातला पिलॉसचा वृद्ध राजा) गुहेपर्यंत आणि तिथून जुन्या किल्ल्यापर्यंत चढता येते. वरून दिसणारा अर्धगोल हाच या सहलीतला माझा सर्वांत आवडता देखावा. थोड्या अंतरावर नेस्टरचा राजवाडा आहे. १९३९ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ कार्ल ब्लेगेन यांना तिथे लिनिअर बी या अतिप्राचीन ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्यांचा मोठा साठा मिळाला. राजवाडा जळाला तेव्हा कच्च्या पाट्या भाजून पक्क्या झाल्या, म्हणूनच त्या टिकल्या.

एक सकाळ प्राचीन मेसेनीला द्यावी. स्पार्टाने शतकानुशतके दास्यात ठेवलेल्या मेसेनियन लोकांसाठी थीब्ज या ग्रीक नगरराज्याचा सेनापती एपामिनोंडास याने इ. स. पू. ३६९ मध्ये वसवलेले हे शहर आहे. ऑलिंपियाइतके प्रसिद्ध नसल्याने गर्दी नाही, आणि क्रीडांगण, नाट्यगृह, बाजार, नऊ किलोमीटरांचा तट एका नजरेत उलगडतो.

ऑलिंपिया पिलॉसहून पावणेदोन-दोन तासांवर आहे. जायचे ठरले तर संग्रहालय वगळू नये. झ्यूसची विराट मूर्ती घडवणाऱ्या फिडियासची कार्यशाळा मैदानात दिसते आणि ‘मी फिडियासचा आहे’ असे कोरलेला एक साधा मातीचा पेला संग्रहालयात आहे.

जेवण

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण शब्द माहीत हवेत. ‘लादेरा’ म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या : ब्रिआम, भेंडी, घेवडा. ‘यीगांदेस’ हे मोठे पांढरे पावटे, ‘फाकेस’ हे मसुराचे सूप, ‘होर्ता’ ही उकडलेली रानभाजी लिंबू पिळून. ‘येमिस्ता’ म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, मात्र त्यांत कधी खिमा असतो, म्हणून ‘होरीस क्रेआस?’, म्हणजे मांसाविना का, असे विचारून घ्यावे. ‘निस्तीसिमो’ हा शब्द फार उपयोगी. तो ऑर्थोडॉक्स उपवासाच्या पदार्थांसाठी आहे. त्यात मांस, अंडी, दूध नसते. तरीही कोळंबी किंवा माकुळ चालते, हे विसरू नये. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना अडचण येईल, कारण लादेरात दोन्ही बहुधा असतातच. फेटा चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा प्राणिजन्य पदार्थ, असू शकतो. मानीत ‘लालांगिया’ नावाच्या कणकेच्या तळलेल्या पट्ट्या मिळतात. मध किंवा चीजबरोबर त्या चांगल्या लागतात. रात्री जेवायला आठनंतर जावे. दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान लहान गावांतली दुकाने मिटतात, तेव्हा फळे आणि पाणी सकाळीच घेऊन ठेवावे.

हॉटेलात पोहोचल्यावर दर खोलीमागे दर रात्रीचा एक सरकारी कर वेगळा भरावा लागतो. तो फसवणुकीचा प्रकार नाही. स्वच्छतागृहांत कागद पाण्यात न टाकता बाजूच्या डब्यात टाकतात, कारण नळ्या अरुंद असतात.

परतीचा दिवस

पिलॉस ते अथेन्स साडेतीन तास धरावेत आणि त्यात कॉरिंथच्या कालव्यावरच्या जुन्या पुलाचा अर्धा तास मिळवावा. महामार्गावरून कालवा क्षणभरच दिसतो. पूल पाहायचा तर इस्थमिया किंवा कॉरिंथच्या फाट्याने खाली उतरावे लागते. गाडी परत करण्याआधी टाकी भरावी आणि चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत. विमान पहाटेचे असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळ घ्यावी, कारण रविवारी संध्याकाळी अथेन्सचे सारे लोक याच एका रस्त्याने समुद्रावरून घरी परतत असतात.